पाव इंचाची माया : एका सामूहिक सँपलर क्विल्ट वर्गाविषयी

गेले वर्षभर मी एका सामूहिक सँपलर क्विल्ट वर्गाला, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखे पांघरूण शिवायच्या वर्गाला, जात होते. महिन्यातून दोन बैठका, प्रत्येक बैठक तीन तासांची, आम्ही दहा जणी आणि एक शिक्षिका. दर महिन्याला एक नवा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन, शिकायचा, तो बारा इंचांचा करायचा आणि वर्षाअखेरीस बारा ब्लॉक जोडून प्रत्येकीने आपापला क्विल्ट पूर्ण करायचा, अशी वर्गाची आखणी होती. बारापैकी पाच ब्लॉक पेपर पीसिंगचे, म्हणजे कागदाच्या आधाराने तुकडे शिवण्याच्या पद्धतीचे, होते आणि मी मुख्यतः त्यांच्यासाठीच नाव नोंदवले होते. क्विल्ट आता पूर्ण झाला आहे. माझे मत आधीच सांगते : पेपर पीसिंग शिकण्यासाठी असा वर्ग मिळाला तर तो अवश्य करावा, क्विल्टचे तीन थर एकत्र शिवण्याचे आणि गोट लावण्याचे काम मात्र या वर्गातून नीट शिकता येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

सँपलर क्विल्टमध्ये प्रत्येक ब्लॉक वेगळ्या नमुन्याचा असतो. शिकणारीसाठी ही रचना फार सोयीची आहे, कारण एकच ब्लॉक वीस वेळा शिवण्याऐवजी वीस वेगळ्या अडचणींना एकेकदा तोंड द्यावे लागते. पहिल्याच बैठकीत शिक्षिकेने आम्हाला जेन स्टिकल यांच्या क्विल्टचे छायाचित्र दाखवले. अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये राहणाऱ्या या बाईंनी यादवी युद्धाच्या काळात तो शिवला आणि त्याच्या कोपऱ्यावर युद्धकाळाचा उल्लेख, 1863 हे वर्ष, तुकड्यांची संख्या 5,602 आणि आपले नाव टाक्यांनी लिहून ठेवले. साधारण साडेचार इंचांचे 169 चौकोनी ब्लॉक, त्यांच्या चारही बाजूंना त्रिकोणी ब्लॉकांचा काठ, आणि एकही नमुना दुसऱ्यासारखा नाही. तो क्विल्ट आज बेनिंग्टन संग्रहालयात आहे. छायाचित्रातले एकेक टोक जुळलेले पाहून मी त्या दिवशी वहीत फक्त एक आकडा लिहिला : 5,602. आमच्या संपूर्ण क्विल्टमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही तुकडे नव्हते, तरी वर्ष पुरले नाही असे वाटले.

वर्गाची खरी किंमत मला दुसऱ्या महिन्यात कळली. पहिला ब्लॉक अगदी साधा होता, नाइन पॅच, म्हणजे साडेचार इंचांचे नऊ चौकोन. प्रत्येक शिवणीला पाव इंच माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेले कापड, धरली तर तयार ब्लॉक कडेच्या मायेसह साडेबारा इंचांचा भरतो. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या बैठकीत शिक्षिकेने सर्वांचे ब्लॉक एका टेबलावर मांडायला सांगितले आणि एकाच पट्टीने ते मोजून आकडे फळ्यावर लिहिले. दहांपैकी दोनच ब्लॉक बरोबर साडेबारा इंचांचे होते. माझा सव्वाबारा भरला. एकीचा पावणेतेराच्या जवळ गेला होता. मी वर्षानुवर्षे कपडे शिवते, त्यामुळे हा आकडा पाहून मला धक्का बसला. मग शिक्षिकेने फळ्यावर हिशेब मांडला. शिवण एक सोळांश इंचाने जास्त आत गेली तर ती दोन्ही कापडांतून तेवढी जागा खाते, म्हणजे एका शिवणीमागे एक अष्टमांश इंच जातो. नाइन पॅचच्या एका ओळीत दोन शिवणी असतात, म्हणून पाव इंच गेला. ओळीत आठ तुकडे असते तर सात शिवणींत पाऊण इंचाहून अधिक गेला असता. कपडे शिवताना अर्धा किंवा पाऊण इंच माया सोडायची सवय असते आणि एखादा सूत इकडेतिकडे झाल्याने झग्याचे काही बिघडत नाही. क्विल्टमध्ये मात्र तोच सूत गुणाकाराने वाढत जातो.

त्या दिवशीच तिने प्रत्येकीच्या मशीनवर जाऊन सुईपासून पाव इंच मोजला आणि मशीनच्या पाट्यावर जाड चिकटपट्टीची कड तयार करून दिली, कापड त्या कडेला टेकवून सरकवायचे. पाव इंचाहून एखाद्या धाग्याएवढी कमी माया धरायची, कारण इस्त्री करून तुकडा उलटवला की घडीच्या जाडीत तेवढे कापड जाते, हेही तिने तेव्हाच सांगितले. फक्त या एका बैठकीसाठीसुद्धा मी शुल्क भरले असते. घरी एकटीने शिवताना आपला ब्लॉक फक्त आपल्याच दुसऱ्या ब्लॉकशी ताडून पाहिला जातो आणि दोन्हींत एकच चूक असेल तर ती कधीच दिसत नाही. दहा जणींचे ब्लॉक शेजारी मांडले की ती लपून राहत नाही.

पेपर पीसिंग पाचव्या महिन्यात सुरू झाले, आणि हा क्रम मला अतिशय योग्य वाटला. चौथ्या महिन्यात आम्ही फ्लाइंग गीज (उडते हंस) हा ब्लॉक नेहमीच्या पद्धतीने शिवला होता. त्यात प्रत्येक एककाच्या मधोमध एक मोठा त्रिकोण आणि दोन बाजूंना दोन लहान त्रिकोण येतात. मोठ्या त्रिकोणाचे टोक शिवणीत गुडूप होऊ नये म्हणून आम्ही सगळ्याच धडपडलो आणि तरीही निम्म्या हंसांच्या चोची कापल्या गेल्या. पाचव्या महिन्यात तोच ब्लॉक कागदावर शिवायला दिला. ज्यांनी नुकताच तो त्रास भोगला आहे त्यांच्यासमोर कागदाची युक्ती ठेवली की ती कशासाठी आहे हे समजावून सांगावे लागत नाही. थेट पेपर पीसिंगनेच सुरुवात करणाऱ्या वर्गांत ही जाण तयार होत नाही, असे माझे मत आहे.

ज्यांनी हे तंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगते. कागदावर नमुना रेषांनी छापलेला असतो आणि प्रत्येक भागाला शिवण्याच्या क्रमाचा आकडा दिलेला असतो. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला राहते आणि टीप छापील बाजूने, थेट रेषेवरून घातली जाते. पहिल्या क्रमांकाचा तुकडा उलट बाजू कागदाला टेकवून ठेवायचा. दुसरा तुकडा त्याच्यावर सुलट बाजूला सुलट बाजू येईल असा ठेवायचा, दोघांमधल्या रेषेवरून टीप घालायची, कागद त्या रेषेवर दुमडून जास्तीचे कापड पाव इंच माया ठेवून कापायचे, मग दुसरा तुकडा उलटवून इस्त्री करायची. त्यानंतर तिसरा, चौथा, असे शेवटच्या आकड्यापर्यंत. रेषा कागदावर असल्यामुळे हाताचा पाव इंच कितीही डळमळीत असला तरी टोक जिथे छापले आहे तिथेच येते. माझा सव्वाबारा इंचांचा नाइन पॅच आणि माझाच फ्लाइंग गीज यांत जो फरक होता, तो याच एका गोष्टीमुळे होता.

वाचायला हे सोपे वाटते. पहिल्या दिवशी मात्र माझे दोन तास एका त्रिकोणात गेले. तिसऱ्या क्रमांकाचा तुकडा मी अंदाजाने ठेवला, टीप घातली, माया कापली, उलटवला आणि पाहते तर त्याचा एक कोपरा रेषेच्या आत राहिलेला, म्हणजे तो भाग पूर्ण झाकलाच जात नव्हता. तुकडा तिरका शिवला जातो आणि उलटल्यावर दुसऱ्याच कोनात पसरतो, ही गोष्ट डोळ्यांना सवयीची नसते. उसवायला बसले तेव्हा कळले की टाके किती बारीक आहेत. कागद नंतर सहज फाटावा म्हणून टाक्याची लांबी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवतात आणि नेहमीपेक्षा जाड, नव्वद क्रमांकाची सुई लावतात. त्यामुळे रेषेवर छिद्रांची रांगच तयार होते. उसवताना नेमक्या त्याच रांगेवर माझा कागद फाटला. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावून मी पुढे गेले, आणि इस्त्री त्या पट्टीवरून फिरताच ती आकसून कापडाला चिकटली. शेजारी बसणाऱ्या बाई वयाने माझ्याहून मोठ्या, हातशिलाईत मुरलेल्या. त्यांनी माझ्या हातातून तो कागद घेतला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, टीप घालायच्या आधी रेषेवर टाचण्या लाव आणि तुकडा उलटवून बघ. झाकला तर शीव, नाही तर सरकव.’’ त्यानंतर मी प्रत्येक तुकडा टाचण्यांवर उलटवून पाहूनच शिवला आणि पुढच्या चारही ब्लॉकांत एकच टीप उसवावी लागली.

इस्त्रीबद्दलही वर्गात शिकलेले लिहिण्यासारखे आहे. वाफ बंद ठेवायची, कारण ओल्या वाफेने कागद वळतो आणि मापात फरक पडतो. छापील बाजूवर गरम इस्त्री थेट फिरवली तर काही छपाईची शाई इस्त्रीला आणि तिथून कापडाला लागते, म्हणून शक्यतो कापडाच्या बाजूनेच दाबायचे. इस्त्री पुढेमागे घासायची नाही, उचलून ठेवायची. या सगळ्या गोष्टी कुठल्याही सूचनापत्रात मिळतात, तरी एकीच्या पांढऱ्या कापडावर करडी शाई उमटलेली पाहिल्यावरच त्या आम्हा इतरांच्या लक्षात राहिल्या.

दुसरी अशी सामाईक शिकवण सातव्या महिन्यातली. छापील बाजू शिवणीसाठी आणि कोरी बाजू कापडासाठी असल्यामुळे तयार ब्लॉक कागदावरच्या चित्राच्या उलट, आरशातल्यासारखा येतो. समान अंगांच्या ताऱ्यात हे कळतही नाही. त्या महिन्यातला नमुना घराचा होता, एका बाजूला धुराडे, दुसऱ्या बाजूला दार. चौघींची घरे चित्रापेक्षा उलटी झाली, कारण त्यांनी रंगांची आखणी चित्र समोर ठेवून केली होती आणि दाराचे कापड खिडकीला गेले होते. शिक्षिकेने तेव्हा सांगितलेली सवय मी अजून पाळते : शिवायला बसण्यापूर्वी कागदाच्या कोऱ्या बाजूवर, उजेडासमोर धरून, प्रत्येक भागाचा आकडा आणि कापडाचे नाव पेन्सिलीने लिहायचे.

कापड कोणत्या धाग्यात कापले आहे याकडे पेपर पीसिंगमध्ये दुर्लक्ष होते, कारण तुकडे ओबडधोबड कापून चालतात. त्यामुळे ब्लॉकच्या कडेला उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याची बाजू येऊ शकते आणि कागद काढला की ती ताणली जाते. ब्लॉक शेजारच्या कापडी पट्टीला जोडून होईपर्यंत कागद काढायचा नाही, हा वर्गाचा नियम होता. काही अनुभवी शिवणाऱ्या कागद आधीच काढतात, कारण जोडताना दोन कागदांची जाडी हाताला अडते. मी दोन्ही करून पाहिले. माझ्या हाताला कागदासह जोडणे जमले. टोकांतून उभी टाचणी आरपार घालून दोन्ही कागदांवरचे बिंदू जुळवता येतात, ही त्याची मोठी सोय आहे. अनेक अरुंद तुकड्यांच्या पाइनॅपल ब्लॉकमधले कागदाचे बारीक कपचे काढायला मात्र चिमटा घेऊन दोन संध्याकाळी बसावे लागले.

अकराव्या महिन्यात षट्कोनांचे फूल होते. याही तंत्राला पेपर पीसिंगच म्हणतात आणि नव्या मुलींचा इथे हमखास गोंधळ होतो. यात कागदावरून टीप घालत नाहीत. जाड कागदाच्या षट्कोनावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग असे दोन षट्कोन कडेला कड लावून हाताने बारीक टाक्यांनी जोडायचे, आणि भोवतीच्या सर्व बाजू जोडल्या गेल्या की आतला कागद काढून पुन्हा वापरायचा. इंग्रजी पेपर पीसिंग या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1718 सालचे एक रेशमी तुकड्यांचे पांघरूण जपलेले आहे आणि ते कागदी साच्यांवरच शिवलेले आहे. शिक्षिकेने हे तंत्र एका बैठकीत उरकले. मला ते कमी वाटले, कारण मशीन नसतानाही करता येणारे हे एकमेव अचूक तंत्र आमच्या हाती आले होते आणि आमच्यातल्या दोघींना मशीनपेक्षा तेच अधिक आवडले होते.

आता तक्रारी. पहिली नमुन्यांच्या छपाईची. पेपर पीसिंगचे नमुने फाइलच्या रूपात पाठवले जात आणि आम्ही ते आपापले छापून आणत असू. बारा इंचांचा ब्लॉक नेहमीच्या ए-फोर कागदावर मावत नाही, म्हणून तो सहा इंचांच्या चार भागांत दिलेला असे. पहिल्या दोन नमुन्यांवर माप पडताळण्यासाठी एक इंचाचा चौकोन छापलेलाच नव्हता, आणि छपाई शंभर टक्के मापाने करावी ही सूचनाही नव्हती. माझ्या प्रिंटरने पानावर मावण्यासाठी नमुना सुमारे सहा टक्क्यांनी लहान केला. एका भागात हा फरक डोळ्यांना जाणवला नाही. चारही भाग शिवून, जोडून, इस्त्री करून झाल्यावर ब्लॉक कडेची माया वगळून सव्वाअकरा इंचांचा निघाला. असे तिघींचे झाले. चूक निदर्शनास आणल्यावर पुढच्या फाइलींत चौकोन आला, पण वाया गेलेल्या ब्लॉकबद्दल फक्त ‘‘पट्टी जास्त रुंद लावा’’ इतकेच सांगण्यात आले. अचूकता शिकवणाऱ्या वर्गाकडून ही बेपर्वाई मला खटकली आणि अजूनही खटकते.

दुसरी तक्रार सामानाच्या यादीची. पेपर पीसिंगला कापड जास्त लागते, कारण प्रत्येक तुकडा गरजेपेक्षा चांगला अर्धा-पाऊण इंच मोठा घ्यावा लागतो आणि उरलेल्या कातरणी टाकून द्याव्या लागतात. यादीत दिलेले माप साध्या पद्धतीने कापायचे धरून काढलेले असावे. माझे गडद निळे कापड आठव्या महिन्यात संपले. त्याच छापाचे दुसरे कापड मिळाले, पण ते वेगळ्या रंगणीचे होते आणि शेजारी ठेवल्यावर किंचित जांभळट दिसते. क्विल्टच्या खालच्या ओळीत हा फरक मला रोज दिसतो. असा वर्ग करणाऱ्यांनी पार्श्वभूमीचे आणि मुख्य गडद रंगाचे कापड यादीपेक्षा किमान दीडपट घ्यावे. यादीत एक सल्ला मात्र उत्तम होता : बाराही ब्लॉकांची पार्श्वभूमी एकाच कापडाची ठेवायची. सँपलरमध्ये नमुने एकमेकांशी भांडतात आणि त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट बहुधा हीच असते. जिने हा सल्ला मानला नाही तिचे ब्लॉक एकेकटे फार देखणे होते आणि एकत्र मांडल्यावर नजर कुठेच ठरत नव्हती.

तिसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार शेवटाची. एका ओळीत तीन अशा चार ओळींत बारा ब्लॉक, भोवती आणि मध्ये दोन इंचांच्या पट्ट्या, बाहेर चार इंचांचा काठ, असे आमचे क्विल्ट 52 गुणिले 66 इंचांचे झाले. ब्लॉकांमधल्या पट्ट्यांनी मापांचे थोडेफार फरक पोटात घेतले, हे त्या आखणीचे मोठेच यश आहे. पण त्यानंतर अस्तर, मधला कापसाचा थर आणि वरचा भाग एकत्र ताणून टाचणे, तिन्ही थरांतून शिवणे आणि गोट लावणे हे सगळे काम शेवटच्या दोन बैठकांत कोंबले होते. एवढे मोठे अस्तर सुरकुती न पडता पसरायला चार हात आणि मोकळी फरशी लागते. दहा क्विल्टांसाठी ती जागा आणि तो वेळ तिथे नव्हता. पिना तळहाताच्या रुंदीइतक्या अंतरावर हव्यात, अस्तर वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी चार इंच मोठे हवे, मशीनला थर एकसमान पुढे नेणारा वॉकिंग फूट हवा, हे सांगितले गेले, पण प्रत्यक्ष करून घेतले गेले नाही. माझ्या अस्तरात दोन ठिकाणी चुण्या शिवल्या गेल्या आणि त्या घरी बसून उसवाव्या लागल्या. गोटासाठी अडीच इंच रुंद किती पट्ट्या कापायच्या, हेही मला स्वतःच काढावे लागले : परिमिती 236 इंच, कोपऱ्यांसाठी आणि जोडासाठी दहा इंच, आणि कापडाची वापरता येणारी रुंदी चाळीस इंच धरली तर सात पट्ट्या. हा क्विल्ट बारा ब्लॉकांऐवजी नऊ ब्लॉकांचा ठेवून उरलेले तीन महिने या कामाला दिले असते तर वर्ग परिपूर्ण म्हणता आला असता, आणि मी शिक्षिकेला तसे लेखी कळवले आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. आमच्यात एक जण डावखुरी होती. फिरत्या पात्याचा कटर आणि पट्टी वापरताना तिला प्रत्येक कृती मनात उलटी करून पाहावी लागे, आणि शिक्षिकेने तिच्यासाठी वेगळे प्रात्यक्षिक एकदाही दिले नाही. ती शेवटी आमच्या समोरच्या बाजूला बसून, आरशात पाहावे तसे पाहत शिकली. तिची टोके वर्गात सर्वांत नेमकी आली.

मरिनर्स कंपास हा शेवटचा ब्लॉक मी बैठकांखेरीज घरचे चार रविवार खर्चून शिवला. सोळा टोकांचा तो तारा, लांब निमुळती टोके, प्रत्येक टोकाला दोन बाजूंनी पार्श्वभूमी. त्याच्या चारही भागांचे कागद अजून जागेवर असताना मी तो उजेडासमोर धरला तेव्हा सर्व रेषा मध्यबिंदूत येऊन मिळत होत्या. सूचनेप्रमाणे शिवणी उघड्या दाबल्या, जाडी वाटून गेली, आणि मगच कागद काढायला घेतले. पट्टी लावून मोजला तेव्हा तो साडेबारा इंचांचा भरला. तो क्विल्टच्या तिसऱ्या ओळीत, जांभळट निळ्याच्या बरोबर वर लावला आहे.